हिंगण्याची वाट

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात सापडणे कठीण. शाळेतला धडा, भिंतीवरची तसबीर, पांढरी दाढी, 'भारतरत्न' आणि एकशे चार वर्षांचे आयुष्य, एवढे आपणा सर्वांस पाठ असते. धडा पाठ झाला की माणूस मात्र हातातून निसटतो. माझेही तसेच झाले होते. गेल्या वर्षी ग्रंथालयात त्यांचे 'आत्मवृत्त' हाती आले, पाठोपाठ त्यांच्या पत्नी आनंदीबाईंचे 'माझे पुराण' वाचले, आणि मग त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी'. ही तिन्ही पुस्तके मांडीला मांडी लावून वाचावयाची आहेत. एकाच घरातली तीन माणसे तेच दिवस तीन बाजूंनी सांगतात, आणि तिघांच्याही सांगण्यात पैसा पुन्हा पुन्हा येतो. कोणाच्या जेवणाचे पैसे कोण देणार, मुलाला कोण सांभाळणार, फी कोठून आणावयाची, याचा हिशेब तिन्ही पुस्तकांतून चाललेला आहे. अण्णासाहेबांचे चरित्र मी या हिशेबाच्या बाजूने सांगणार आहे. समाजसुधारणेच्या इतिहासात ते कोठे बसतात हे आपले प्राध्यापक माझ्याहून चांगले सांगतील.

अण्णांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. बालपण गेले ते दापोली तालुक्यातील मुरूड येथे, समुद्राच्या काठी. घराणे एके काळी सधन होते असे म्हणत, पण अण्णांच्या वाट्याला आली ती गरिबीच. वडील केशवपंत दुसऱ्याच्या इस्टेटीची व्यवस्था पाहत आणि तुटपुंज्या पगारात घर चालवीत. गावात सोमण गुरुजी म्हणून शिक्षक होते. त्यांच्या तालमीत मुलगा मराठी सहावीपर्यंत आला. पुढे परीक्षा द्यावयाची, तर ती गावात नव्हती. 1875 साली, सतरा वर्षांचे असताना, अण्णा सोबत्यांसह मुरूडहून साताऱ्यास पायी निघाले. शंभर मैलांवरची वाट, मध्ये सह्याद्रीचा घाट, पावसाळा अजून सरलेला नाही. पोहोचले, आणि परीक्षा समितीच्या प्रमुखांनी अंगकाठी पाहून हा मुलगा सतराचा दिसत नाही असे ठरवले व परीक्षेस बसू दिले नाही. आले तसे परत. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले.

हा प्रसंग धड्यात असतो आणि त्यावरून चिकाटीचा बोध काढलेला असतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याच्या गावात परीक्षा आहे त्याला फक्त अभ्यास करावा लागतो. ज्याच्या गावात ती नाही त्याला अभ्यासही करावा लागतो आणि वाटखर्चही. वर, पोहोचल्यावर आपण कोण आहोत हे कागदावर सिद्ध करावे लागते ते वेगळेच.

इंग्रजी शिक्षण त्यांचे असेच अडखळत झाले. चौदा-पंधरा वर्षांचे असतानाच राधाबाईंशी लग्न झालेले होते. थोडे शिकावे, मग पैशांसाठी वा प्रकृतीसाठी थांबावे, पुन्हा सुरुवात करावी, असे करीत करीत 1881 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून मॅट्रिक झाले. बरोबरीची मुले त्या वयात पदवी घेऊन नोकरीला लागलेली असत. पुढल्या वर्षी थोरला मुलगा रघुनाथ जन्मला. हेच पुढे 'समाजस्वास्थ्य' काढणारे र. धों. कर्वे. म्हणजे कॉलेजात बसलेले अण्णा हे एका मुलाचे वडील होते. शिकवण्या करावयाच्या, त्यातून स्वतःचा खर्च भागवावयाचा, घरी पाठवावयाचे आणि उरलेल्या वेळात गणित सोडवावयाचे, असे करीत 1884 साली ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. आपल्या संध्याकाळच्या वर्गांना पेट्रोलपंपावरून, मेसच्या स्वयंपाकघरातून किंवा झेरॉक्सच्या दुकानातून येणारे जे सोबती आहेत, त्यांना ही दिनचर्या सांगावी लागणार नाही.

पदवीनंतर मुंबईतील निरनिराळ्या मुलींच्या शाळांतून त्यांनी गणित शिकवले. पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवण्या चालत. मिळकत बरी होऊ लागली तशी घरात माणसे वाढू लागली. कोकणातून शिकावयास आलेली होतकरू मुले त्यांच्या बिऱ्हाडी राहत. रँग्लर परांजपे हे मुर्डीचे, अण्णांच्या नात्यातले. त्यांच्या शिक्षणालाही अण्णांचाच आधार होता. या मुलांना जेवूखाऊ घालण्याचे काम राधाबाईंचे. चरित्रांतून राधाबाईंना फार थोडी जागा मिळते. 1891 साली त्या वारल्या एवढेच एका वाक्यात येते. त्यांच्या चुलीवर किती जणांचे शिक्षण शिजले याची नोंद कोणी ठेवली नाही.

याच काळात, 1886 साली, अण्णांनी 'मुरूड फंड' सुरू केला. कल्पना साधी होती. गाव सोडून मुंबईस वा अन्यत्र कमावते झालेल्या मुरूडकरांनी आपल्या कमाईच्या प्रमाणात थोडा थोडा वाटा गावाच्या कामासाठी बाजूला टाकावा. एका धनिकाची देणगी घेण्यापेक्षा शंभर जणांची किडूकमिडूक वर्गणी बरी, हा अण्णांचा पुढील साठ-सत्तर वर्षांचा खाक्या येथेच ठरला असे मला वाटते. पुढे मोठे धनिकही आले. पण तोपर्यंत पैपैचा हिशेब लिहिण्याची सवय हाडीमासी खिळून गेली होती.

टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणिताची जागा रिकामी झाली. गोखल्यांच्या बोलावण्यावरून 1891 साली अण्णा तेथे आले आणि पुढे आजीव सदस्य झाले. आजीव सदस्याचे वेतन दरमहा पंचाहत्तर रुपये. मुंबईत शिकवण्या करून यापेक्षा अधिक मिळाले असते. ते त्यांनी सोडले आणि 1914 पर्यंत तेथे शिकवले.

येथे गोदूबाईंची गोष्ट सांगितली पाहिजे. गोदूबाई या अण्णांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या भगिनी, देवरुखच्या. आठव्या वर्षी लग्न आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत वैधव्य. पुढची बरीच वर्षे सासरी राबण्यात गेली. 1889 साली पंडिता रमाबाईंनी मुंबईस 'शारदा सदन' काढले तेव्हा भावाने त्यांना तेथे घातले. तेथील अगदी पहिल्या विद्यार्थिनींत त्या होत्या. ज्या वयात त्या काळच्या बाईला मुलीच्या लग्नाची काळजी लागलेली असे त्या वयात गोदूबाई बाराखडी गिरवीत होत्या. त्यांचा सारा खर्च सदन करी, आणि म्हणूनच ते शक्य झाले. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात अण्णांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. घरात व पुढे बाहेरही सर्व जण त्यांना 'बाया' म्हणत. मुरूड गावाने बहिष्कार टाकला. गावी गेले तर स्वतःच्या आईच्या घरात राहण्याची सोय उरली नाही, कारण तसे केले तर आईवर आणि भावावरही बहिष्कार आला असता. ज्या गावासाठी फंड काढला त्याच गावाने असे केले. फंड मात्र अण्णांनी मोडला नाही.

विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी त्यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस स्थापन केली. पण थोड्याच काळात त्यांच्या ध्यानात आले की दहा-वीस पुनर्विवाह लावून हजारो विधवांचा प्रश्न सुटत नाही. बहुतेकींना लग्न नको होते किंवा करण्याची छाती नव्हती. त्यांना हवे होते ते आपल्या पोटापुरते मिळवण्याचे सामर्थ्य आणि घरात मान. ते शिक्षणाने येईल. पण त्यांना शिकवणार कोण, आणि शिकेपर्यंत पोसणार कोण? शारदा सदनात धर्मांतराचा वाद उठून 1893 साली अनेक पालकांनी मुली काढून नेल्या होत्या; त्यामुळे तीही वाट बंद झाल्यासारखी होती. 14 जून 1896 रोजी पुण्यात अण्णांनी 'अनाथ बालिकाश्रम' काढला तो या पेचातून.

यापुढचे सांगण्याआधी थोडे स्वतःविषयी. तेरा वर्षांच्या खंडानंतर मी या महाविद्यालयात प्रथम वर्षाला नाव घातले. मधली वर्षे सासूबाईंच्या अंथरुणापाशी आणि दोन मुलांच्या शाळेपाशी गेली. प्रवेशाच्या वेळी शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर शपथपत्र करावे लागले, मधल्या काळात मी कोठेही शिक्षण घेतले नाही असे. ते ठीकच आहे. पण नंतर फी सवलतीच्या अर्जासाठी एका कचेरीत गेले, तेथे खंडाचे कारण लिहावयास रकाना होता आणि त्यात निवडावयास आजारपण, नोकरी, अनुत्तीर्ण, इतर असे पर्याय होते. आजारपण, पण माझे नव्हे. नोकरी, पण पगाराची नव्हे. शेवटी 'इतर' लिहिले. त्या टेबलावरील गृहस्थांनी विचारले, म्हणजे घरीच होता ना? मी हो म्हणाले. सवलत त्या वर्षी मिळाली नाही. वयाची अट आडवी आली. कोणाची तक्रार करावी म्हणून हे लिहीत नाही. अण्णांचा आश्रम म्हणजे नेमके काय होते ते या रकान्यामुळे मला कळले, म्हणून लिहिते.

प्रौढ बाईच्या शिक्षणातला सर्वांत लहान खर्च म्हणजे फी. फी माफ केली तरी ती येऊ शकत नाही, कारण ती जेथे राहते तेथे तिच्या दोन वेळच्या जेवणाच्या बदल्यात तिचे दिवसभराचे कष्ट लागलेले असतात. ती वर्गात बसली तर त्या घरचे दळण, पाणी, धुणे, आजाऱ्याची शुश्रूषा कोण करणार? आणि पदरी मूल असेल तर ते कोठे ठेवणार? अण्णांनी आश्रम काढला तेव्हा हे सारे ओळखले होते. तेथे राहण्याची सोय होती, जेवण होते, कपडालत्ता होता आणि मग शिक्षण होते. ज्यांच्या घरचे देऊ शकत त्यांच्याकडून खर्च घेतला जाई. ज्यांचे कोणी नव्हते त्यांच्याकडून काही घेत नसत. पण एकाच पंक्तीला दोघी जेवत. देणारी कोण आणि न देणारी कोण हा भेद वहीत राही, ताटात नाही.

पैसा उभा करण्याची रीत मुरूड फंडाचीच. कॉलेजला सुटी लागली की अण्णा गावोगाव हिंडत. वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते; हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. हळू आवाजात काम काय चालले आहे ते सांगावयाचे, वही पुढे करावयाची, रुपया असो वा चार आणे असोत पावती द्यावयाची. दरसाल आश्रमाचा अहवाल छापून निघे आणि त्यात जमाखर्च असे. पुनर्विवाह केलेल्या माणसाच्या हाती सनातनी घरांनी आपल्या लेकीसुना व आपला पैसा सोपवला, याचे कारण त्या हिशेबाच्या वह्यांत आहे असे मी धरून चालते. आणखीही एक कारण आहे, आणि ते सर्वांना रुचेल असे नाही. आश्रमाच्या स्थैर्यासाठी अण्णांनी पुनर्विवाहाच्या चळवळीतून अंग काढून घेतले. आश्रमातल्या मुलींची लग्ने लावून देतात असा बोभाटा झाला असता तर आश्रम बंद पडला असता. त्या वेळच्या सुधारकांना ही माघार वाटली. मला ती माघार वाटत नाही. पण हेही खरे की आश्रम बराच काळ ब्राह्मण विधवांपुरताच राहिला. याच पुण्यात 1855 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा चालवली होती. ती वाट अण्णांच्या आश्रमापर्यंत आली नाही. वर्गणीदार कोण होते हे पाहिले की त्याचे उत्तर मिळते, पण उत्तर मिळाले म्हणून उणीव भरून निघत नाही.

पुण्यात प्लेग आला. शहरातील बिऱ्हाडात आश्रम चालवणे अशक्य झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी शहराबाहेर हिंगणे येथील सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. तेथे एक झोपडी उभी राहिली आणि 1900 साली आश्रम तेथे गेला. आज तो भाग कर्वेनगर म्हणून ओळखला जातो आणि तेथे जावयास बस मिळते. तेव्हा चार मैलांची पायवाट होती. पावसाळ्यात चिखल गुडघ्यापर्यंत. अण्णा दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवीत, संध्याकाळी वाणसामान घेऊन हिंगण्यास चालत जात, रात्री मुलींना शिकवीत आणि सकाळी परत चालत कॉलेजात येत. हे वर्णन सर्वत्र येते आणि ते वाचताना ऊर भरून येतो. पण त्याच रात्री शहरातल्या बिऱ्हाडात बाया लहान मुलांना घेऊन एकट्या असत. ही बाजू बायांच्या पुस्तकात आहे.

अण्णांनी आपली शिल्लक आश्रमाला दिली, आणि घरच्यांसाठी उतरवलेली आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे केली. बायांना याचा संताप आला. माणूस उद्या गेला तर मुलांनी काय खावे, हा त्यांचा प्रश्न होता. आणि जी बाई आठव्या वर्षी विधवा होऊन दुसऱ्याच्या दारात जगली होती तिने तो विचारावा यात नवल काय? अण्णांच्या चरित्रकारांपैकी काहींनी या जागी बायांना थोडे समजुतीने घेतल्यासारखे लिहिले आहे. मला वाटते, अण्णा ज्या हजारो विधवांचा विचार करीत होते त्यांतली एक घरातच बोलत होती, आणि तिचे म्हणणे आश्रमाच्या हेतूशी तंतोतंत जुळणारे होते. या भांडणात दोघेही बरोबर होते. पुढे बायांनी स्वतः आश्रमासाठी वर्गणी गोळा केली, घरी आलेल्यागेलेल्यांचे केले आणि संसार ओढला. त्या 1950 साली वारल्या.

आता पार्वतीबाई. या बायांच्या धाकट्या बहिणी. विसाव्या वर्षाच्या सुमारास विधवा झाल्या, पदरी लहानगा मुलगा. केशवपन झालेले, अंगावर तांबडे आलवण. मुलाचे शिक्षण व्हावे म्हणून पुण्यास बहिणीच्या घरी आल्या तेव्हा त्यांचे वय सव्विसाच्या आसपास होते आणि अक्षरओळख नव्हती म्हटले तरी चालेल. शिकावे असे त्यांच्या मनातही नव्हते. मुलगा शिकला म्हणजे झाले. अण्णांनी आणि बायांनी आग्रह केला. धाकट्या पोरींच्या रांगेत बसून पाटीवर अक्षर काढताना काय वाटते ते मी येथे लिहिणार नाही. आपल्या वर्गातील मुली मला 'ताई' म्हणतात आणि मी घरी गेल्यावर राहिलेल्या तासांची टिपणे पाठवतात, म्हणून माझे पहिले सत्र निभावले. पार्वतीबाईंना असे कोणी होते की नाही कोण जाणे.

पार्वतीबाईंना आश्रमाने काय दिले ते पाहावे. राहण्याजेवण्याची काळजी मिटली. मुलगा बहिणीच्या घरी वाढत होता म्हणून जीव टांगणीला लागला नाही. आणि चार-सहा वर्षे शिकून झाल्यावर त्यांना काम मिळाले, आश्रमातच. हा तिसरा भाग फार महत्त्वाचा आहे आणि आज आपण तो विसरतो. शिकलेल्या बाईला पुन्हा त्याच घरी धाडले तर तिच्या शिकण्याचा तिला उपयोग काय? आश्रमात शिकलेल्या कित्येक जणी शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, किंवा आश्रमाच्याच व्यवस्थेत राहिल्या. 1909 साली पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन चालू केले, तेथेही हाच विचार दिसतो. तेथील काही वर्ग तर घरची कामे आटोपल्यावर येणाऱ्या प्रौढ स्त्रियांसाठी दुपारच्या वेळी भरत. वर्गाची वेळ हीसुद्धा एक शिष्यवृत्तीच असते हे रमाबाईंना ठाऊक होते. आपल्याकडील सकाळी साडेसातच्या तासाविषयी मी येथे काही म्हणत नाही.

पार्वतीबाईंनी पुढे आश्रमासाठी गावोगाव फिरून पैसा जमवला. आलवण नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली ही बाई सभेत उभी राहून बोले, आणि जी घरे अण्णांना दारात उभे करीत नसत ती घरे तिला आत घेत. अनेक वर्षे त्यांनी तो वेष ठेवला तो याच धोरणाने, आणि 1912 साली तो टाकला. त्यानंतर त्यांना वाटू लागले की इंग्रजी आल्याशिवाय आपले शिक्षण पुरे झाले नाही. 1918 साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी भांडी घासून, स्वयंपाकपाणी करून त्यांनी दिवस काढले आणि इंग्रजी शिकण्याचा प्रयत्न केला. 1920 साली परत आल्या. इंग्रजी फारसे साधले नाही असे त्यांनीच सांगितले आहे. ही गोष्ट मला त्यांच्या सर्व यशांपेक्षा जवळची वाटते.

महिला विद्यापीठाचा इतिहास सर्वपरिचित आहे, म्हणून थोडक्यात. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली. 1915 च्या अखेरीस मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. तेथे त्यांनी कल्पना मांडली आणि 1916 साली विद्यापीठ सुरूही केले. वय अठ्ठावन्न. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ पंधरा लाखांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. 1921 साली पहिल्या पाच स्त्रिया पदवीधर झाल्या. सरकारी मान्यता मात्र 1951 पर्यंत आली नाही. त्यातील एका मुद्द्यावर थांबावेसे वाटते. शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी हा एक विषय, अशी त्यांनी योजना केली. गृहजीवनशास्त्रासारखे विषय घातले. पुष्कळ विद्वानांना हे दुय्यम दर्जाचे शिक्षण वाटले, आणि या टीकेत काही तथ्य नव्हते असे नाही. पण अण्णांच्या डोळ्यांसमोर मुंबईच्या बॅरिस्टरांच्या मुली नव्हत्या. विसाव्या-पंचविसाव्या वर्षी पाटी हातात घेणारी बाई होती. तिने आधी आठ वर्षे इंग्रजीत घालवावी आणि मग ज्ञान मिळवावे हे हिशेबात बसत नव्हते, आणि तेवढी वर्षे तिला पोसण्याइतकी वर्गणी जमतही नव्हती. गणिताचा प्राध्यापक होता तो. भागाकार त्याने आधी केला होता.

1929 साली, एकाहत्तराव्या वर्षी, ते विद्यापीठाची माहिती सांगत युरोप, अमेरिका, जपान असे जगभर फिरले. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट झाली. पाठोपाठ आफ्रिकेत जाऊन तेथील हिंदी लोकांकडून वर्गणी आणली. 1936 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत शाळाच नाही तेथे शाळा चालाव्यात हा हेतू. त्यासाठीही आपल्या तुटपुंज्या पेन्शनमधून स्वतःची वर्गणी आधी घातली आणि मग पुण्यात दारोदार वही घेऊन फिरू लागले. 1944 साली त्यांनी समता संघ स्थापन केला. जातीची जी भिंत आश्रमाच्या वेळी त्यांनी ओलांडली नव्हती ती शहाऐंशीव्या वर्षी ओलांडावयास निघाले होते. उशीर झाला होता, पण उशिरा सुरुवात करण्याची त्यांना सवयच होती. 1955 साली पद्मविभूषण आणि 1958 साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतरत्न मिळाले.

आता शासनाच्या अनेक सवलती आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे आणि त्यातून घरी राहून शिकलेल्या किती तरी जणी मला ठाऊक आहेत. आर्थिक दुर्बलांसाठी फीची प्रतिपूर्ती आहे. माझ्यासारखीला फी हप्त्यांनी भरण्याची मुभा आपल्या महाविद्यालयाने दिली. पण आजाऱ्याची शुश्रूषा करणारी बाई किंवा पुरुष, वर्गात येईल तेवढा वेळ त्या आजाऱ्यापाशी कोण बसेल याचा खर्च कोणत्याही अर्जात मी पाहिला नाही. पुस्तकपेढीच्या धर्तीवर आपण विद्यार्थ्यांनी दरमहा थोडी थोडी वर्गणी काढून असा एक फंड करावा, असे मी विद्यार्थी मंडळाला लिहून दिले आहे. रक्कम लहान असेल. आठवड्यातून दोन दुपारी एखाद्या ताईच्या घरी मदतनीस बाई ठेवण्यापुरती झाली तरी पुष्कळ. पहिले अकरा वर्गणीदार मिळाले आहेत. पावतीपुस्तक ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवले आहे. हिशेब दर तिमाहीस सूचनाफलकावर लागेल.

अण्णा 9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यात वारले. हिंगण्याच्या आश्रमाची संस्था आज त्यांच्याच नावाने चालते. तेथील आवारात ती पहिली झोपडी जपून ठेवलेली आहे.